दुसऱ्याच्या हातात द्यायची काडतुसं

चाचा, आज शुक्रवार असूनही दुपारी मी वर्कशॉप उघडून शिसं वितळवलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, तरी एसी बंद ठेवून खिडकी सताड उघडली, कारण शिशाचा धूर खोलीत कोंडायचा नाही हा तुमचा नियम या क्लबात अजून कुणाला मोडता आलेला नाही. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मोजायला बसलो तर माझंच वय अंगावर येतं. तुम्ही सुट्टीवर रत्नागिरीला गेलात, खाडीकाठच्या तुमच्या घरी, आणि आठवड्यात फोन आला. आम्हाला मातीलाही येता आलं नाही. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडतो, बोलतो, पण कागदावर आजच लिहितोय.

मी राजापूरकडचा टर्नर, बायको-मुलगी गावी ठेवून मस्कतला आलेला, आणि तुम्ही या नेमबाजीच्या क्लबातले बंदुका दुरुस्त करणारे उस्ताद. पहिल्या दिवशी तुम्ही मला लेथबद्दल काही विचारलं नाहीत. सुके बोंबील खातोस काय, एवढंच विचारलंत, आणि मी हो म्हटल्यावर माझी नोकरी पक्की झाल्यासारखं हसलात. माझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं म्हणून तुम्ही मला शेवटपर्यंत इंजिनियर म्हणत राहिलात, आणि ते कौतुक नव्हतं हे मला ठाऊक होतं.

क्लबच्या मालकाकडे, आपल्या अर्बाबाकडे, त्याच्या वडिलांचं जुनं जड रिव्हॉल्व्हर होतं. त्याला लागणारी काडतुसं कुठल्याच दुकानात मिळत नसत, म्हणून क्लबच्या परवान्यात बसतील तेवढी तुम्ही हाताने भरायचात, गोळीसुद्धा स्वतः ओतून. शिसं मस्कतजवळच्या माबेल्यातल्या टायरवाल्यांकडचं, चाकांना लावतात त्या वजनांचं. ते वितळलं की वर राखट साय धरायची. तुम्ही मेणाचा तुकडा टाकायचात, भक्कन जाळ व्हायचा, आणि साय काढली की खाली असं काही लखलखीत दिसायचं की हे मघाचं भंगार आहे यावर माझा विश्वास बसत नसे. साचा तापेपर्यंत पहिल्या गोळ्यांवर सुरकुत्या यायच्या. एकदा तसली एक मी गुपचूप चांगल्या गोळ्यांत सरकवली, अर्बाबाला कुठे दिसणार आहे म्हणालो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "वाकडी गोळी वाकडीच जाणार," म्हणालात. "परत टाक भांड्यात. शिसा काय रागवत नाय." मग थंड झालेली एकेक गोळी फरशीवर टाकून तुम्ही कान द्यायचात. बद्द वाजली तर शिसं मऊ, टण् वाजली तर ठीक. मला वाटायचं, म्हातारा नाटक करतोय. मग एक दिवस मलाही तो फरक ऐकू आला, आणि त्या दिवशी मी जेवताना तुमच्याकडे बघतच राहिलो.

पण सांगायचंय ते त्या गुरुवारचं. दुसऱ्या दिवशी सकाळी इब्रा गावाहून आलेल्या पाहुण्यांसमोर अर्बाब ते रिव्हॉल्व्हर चालवणार होता. तुम्ही काडतुसांची रिकामी पितळं रांगेत मांडली होती, एकेकात मापाने पावडर घालत होता, मग टॉर्च मारून प्रत्येकाच्या पोटात बघायचं आणि नंतरच वर गोळी बसवायची अशी तुमची रीत. मध्येच अर्बाब पाहुण्यांना वर्कशॉप दाखवायला घेऊन आला. सलाम-दुवा झाली, कहवा आला, खजूर आले. ते गेल्यावर तुम्ही परत बसून काम संपवलंत, काडतुसं डब्यात भरलीत, आणि झाकणावर हात ठेवून तसेच बसून राहिलात. काय झालं म्हणून मी विचारलं.

"ती मधली रांग," तुम्ही म्हणालात. "टॉर्च मारून बघितली असंल. पण बघितल्याचा आठवत नाय."

मी म्हटलं, वजन करून बघू, कमी-जास्त असेल ते काट्यावर कळेल. तुम्ही मान हलवलीत. हाताने ओतलेल्या जड गोळ्या, प्रत्येकीच्या वजनात चिमूटभर फरक असतो, आणि पावडरही चिमूटभरच. काटा काही सांगणार नव्हता. एखाद्या पितळात पावडर पडलीच नसेल, तर नुसत्या मागच्या, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या जोरावर गोळी निघते आणि नळीत मध्येच अडकते. बार फुसका गेला असं वाटतं, आणि पुढचा बार उडवला की नळी हातातच फुटते. चुकून दोनदा पडली असेल तर पहिल्या बारालाच. हे तुम्ही मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, आणि मी ते शाळेतल्या धड्यासारखं पाठ करून विसरलो होतो. त्या दिवशी तुमचा चेहरा बघून ते पहिल्यांदा कळलं.

तेवढ्यात अर्बाब डबा न्यायला आला. पाहुणे दारात उभे. तुम्ही सांगितलंत की ही काडतुसं देता येणार नाहीत, सगळी उघडून परत भरावी लागतील. तो हसला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मेरे को तुम पे भरोसा है. खलास."

"अर्बाब, आपको भरोसा है," तुम्ही म्हणालात. "मेरे को नहीं है."

आपला दोघांचाही व्हिसा त्या माणसाच्या सहीवर होता आणि तुम्ही त्याला पाहुण्यांदेखत नाही म्हणत होता. त्याने हात मागे घेतला, "कल, इन्शाल्ला" एवढं बोलून गेला. मग आपण बसलो. ती पोकळ प्लास्टिकची हातोडी, तिच्या पोटात काडतूस अडकवायचं आणि ओंडक्यावर आपटायचं, की गोळी सुटून येते. आपटून आपटून माझं मनगट भरून आलं. अख्खा डबा उघडला. एकही रिकामं निघालं नाही, एकातही दोनदा पडलेली नव्हती. मला इतका राग आला होता की मी हातोडी जवळजवळ फेकलीच. तुम्ही मात्र पोरासारखे खूश. "बरा झाला," म्हणालात. "आता ठावा झाला. आधी नुसता वाटत होता." आणि लगेच पहिलं पितळ उचलून नव्याने भरायला घेतलंत.

ही गोष्ट मी इतक्या वर्षांत किती जणांना सांगितली असेल. एका शंकेपायी चाचांनी सगळा डबा उघडला, अर्बाबाला तोंडावर नाही म्हटलं, असं. लोक वा म्हणतात, मलाही बरं वाटतं. पण खरं नवल ते नव्हतंच, हे मला आज कळलं. खरं नवल त्या शुक्रवारी सकाळी झालं आणि मी त्याच्याकडे पाठ करून पळालो होतो. अर्बाबाने हात पुढे केला, तुम्ही डबा त्याच्या तळहातावर ठेवलात, बिस्मिल्ला म्हणालात आणि आपल्या खोलीवर निघून गेलात. मी रेंजच्या काचेपाशी धावलो. प्रत्येक बाराला डोळे मिटत होतो. परत आलो तेव्हा तुम्ही बांगडे साफ करत बसला होता, आणि माझ्याकडे कोकम आहे का विचारत होता. कसे नेम लागले, हेसुद्धा विचारलं नाहीत.

तुमच्यानंतर ते रिव्हॉल्व्हर बहुतेक वेळ तिजोरीतच पडून होतं. मी क्वचित काडतुसं भरायचो, ती स्वतःच चालवून संपवायचो. अर्बाब आता थकला, हात थरथरतो. माझी मुलगी मोठी झाली, चाचा. तुम्ही तिला फोटोतच बघितलंत. तुमच्यानंतर मी तिला नि तिच्या आईला इकडे आणलं; ती माबेल्यात वाढली, कॉलेजात आहे, दर शुक्रवारी इथे नेमबाजी करते, आणि हात असा स्थिर की कोच मला बोलावून दाखवतो. गेल्या आठवड्यात अर्बाबाने तिला जवळ बोलावलं आणि ते रिव्हॉल्व्हर तू चालव म्हणाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्हारी बेटी, तुम्हारी गोली." तिने घरी येऊन आईला तीनदा सांगितलं. काल संध्याकाळी मला म्हणाली, "बाबा, उद्या मी तुझे बुलेट्स फायर करणार, हो ना? आय मीन, तू बनवलेले."

काल रात्री मी दार लावून काडतुसं भरली. फोन बाहेर ठेवला. एकेका पितळात टॉर्च मारला आणि मारल्याचं मला आठवतं, एकूण एक आठवतं. कुणी आलं नाही, कहवा आला नाही, कुठलीच रांग सुटली नाही. तरी सगळी उघडली. सगळी बरोबर होती. पुन्हा भरली. आज पहाटे रेंज उघडायच्या आधी येऊन मातीच्या बांधावर ती सगळी त्याच रिव्हॉल्व्हरमधून मीच चालवली, एकामागून एक, आणि प्रत्येक गोळी जिथे जायची तिथे गेली. अशी काडतुसं मी आयुष्यात भरली नव्हती. तुम्ही नक्की काही ना काही खोड काढली असतीत, पण मनातून खूश झाला असतात. डबा रिकामा झाला आणि मग मला नीट श्वास घेता आला. तुम्ही तो डबा अर्बाबाच्या, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या हातात ठेवून बांगडे साफ करायला कसे बसलात, चाचा? ते तुम्ही मला शिकवलं नाहीत. कदाचित तुम्हाला ते शिकवण्यासारखं काही वाटलंच नसेल.

ती दहा वाजता आली, केस घट्ट बांधून, कानावरचे मफ्स गळ्यात अडकवून. मी तिला सांगितलं की रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग ढिली झाली आहे, बदलावी लागेल, पुढच्या शुक्रवारी बघू. तिने लगेच मान डोलावली. इट्स ओके बाबा, सेफ्टी फर्स्ट, म्हणाली आणि माझ्या खांद्यावर थोपटून आपलं नेहमीचं पिस्तूल घ्यायला गेली. स्प्रिंगला काहीही झालेलं नाही.