दिलं काहीच नाही

मिस टॅलबट,

दर ऑगस्टमध्ये कॉलेजच्या नियम-अधिकारी म्हणून तुम्ही आम्हा देणगीदारांना बजावता: कॉलेजच्या खेळाडूला बर्गर द्यायचा नाही, बूट द्यायचे नाहीत, गाडीतून कुठे सोडायचंसुद्धा नाही; फुकट काही घेतलं तर त्याचं खेळणं बंद होतं.

शनिवारी टेरेलच्या हातून चेंडू निसटला आणि आपण हरलो. पार्किंगमध्ये आम्ही तिघा देणगीदारांनी त्याला गाठून तुडवलं. गुडघा माझ्याच बुटाखाली मोडला. कडकन आवाज आला.

"साहेब, दवाखान्यात सोडा ना," तो कण्हत म्हणाला.

"नियमात बसत नाही, बाळा!" मी म्हणालो, आणि आम्ही तिघंही खिदळलो.

आज तुमचा फॉर्म आला. 'खेळाडूला काही दिलंत का?' मी 'नाही' लिहून तो टपालात टाकला. हे पत्र टाकायची छाती नाही. पण फॉर्ममध्ये मी खोटं लिहिलेलं नाही, बाई. त्याचं काय घेतलंत, हे तुम्ही विचारलंच नव्हतं.

तुमच्या यादीतला जुना देणगीदार,
हॉलिस प्रूइट