भाड्याचा कोट

मिल्यानफान, ९ जुलै

चि. रोझिया,

अल्ला तुला सुखात ठेवो. आम्ही इकडे बरे आहोत, तू वेळेवर जेवत असशील अशी आशा. लसूण काढून झाला. तुझे बाबा अंगणात खुर्ची टाकून लसणाच्या वेण्या घालतात आणि माझ्या वेण्यांना नावं ठेवतात. कंबर आहे तशीच आहे, तोंड मात्र ठणठणीत.

फोनवर मोकळं बोलता येत नाही, ते कायम शेजारी. शेजारचा इसहाक माल आणायला तुझ्या शहरात, सीआनला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. सोबत वाळवलेले जर्दाळू आहेत, मैत्रिणींनाही दे.

तुझी पदवी बघून डोळ्यांचं पारणं फिटलं. आपले खापरपणजोबा ज्या मुलखातून जीव मुठीत धरून पळाले, तिथल्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात माझ्या लेकीचं नाव पुकारलं. गावभर सांगून माझा घसा बसलाय.

आता कोटाचं. बाबांना प्रवास झेपत नाही, म्हणून त्यांनी एकच मागितलं होतं. माझ्या लग्नातला रेशमी कोट तुझ्या अंगावर, विद्यापीठाच्या दारात, एक फोटो. पिशवीत चुरगळेल म्हणून मी तो अंगावरच घालून निघाले. वाटेत बघते तर पोरीच पोरी, सगळ्या रेशमी झग्यात, केसांत फुलं. म्हटलं, आज अख्ख्या शहराची लग्नं आहेत की काय. एकीला मी "सुखाने नांद गं बाई" म्हणूनसुद्धा आले. ती फिदीफिदी हसली. फोटोसाठी असले कपडे भाड्याने घालतात, हे मला कुणी सांगितलं होतं?

तू दारात मैत्रिणींबरोबर होतीस. ती तिंगतिंग म्हणाली, "काय सुंदर कोट आहे. कोण गं ही?"

तू म्हणालीस, "कपडे भाड्याने देत असेल."

पोरी, तुम्ही तिथल्या भाषेत बोललात. आपली बोली जुनाट असेल, पण मूळ तिथलंच. मला सगळं कळलं. तिंगतिंग सरळ माझ्याकडेच आली. "मावशी, भाडं किती?" मी तुझ्याकडे बघितलं, तू खाली बघितलंस. मी म्हटलं, "तासाला तीस युआन."

मग मी तिला कोट चढवला, बटणं लावली, तुझ्यासाठी आणलेली फुलं तिच्या केसांत माळली. फोटो तू काढलास. पैसे मी घेतले नाहीत. "पदवीचा दिवस आहे, तुला फुकट," म्हटलं. विमानतळावर तू गळ्यात पडून रडलीस, पण त्यातलं अक्षर दोघींनीही काढलं नाही. तेव्हापासून तुझा फोन नाही.

मला फार लागलं गं. पण घरी आल्यावर राग तुझ्यावर टिकला नाही, स्वतःचाच आला. तिथल्या तिथे तुझा कान धरून म्हणायला हवं होतं, "मेले, आई आहे मी तुझी." मैत्रिणी हसल्या असत्या, तू लाजली असतीस, आणि सगळ्या मिळून जेवायला गेलो असतो. तुझी लाज झाकायला गेले आणि तुझं खोटं मीच पक्कं केलं.

बाबांना सांगितलं होतं, पाऊस होता, फोटो निघाला नाही. काल तुझ्या चुलतबहिणीने त्यांना मोबाइलवर तिंगतिंगचा फोटो दाखवला. तिंगतिंगनेच तो तुझ्या नावासकट टाकलाय. त्यात माझे नुसते हात आलेत, कॉलर सारखी करताना.

"हात तुझे आहेत," ते म्हणाले. "पोरगी कोण?"

"तिची मैत्रीण."

"आणि रोझिया?"

"फोटो ती काढत होती."

"मग तिने तुला फोटोत का नाही घेतलं?"

ते काठी टेकत आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आज दिवसभर फोन वाजला की आधी माझ्याकडे बघतात, पण उचलत नाहीत.

त्यांना काय सांगायचं ते तू ठरव. माझ्याच्याने आता आणखी खोटं बोलवत नाही. सुट्टीत येणार असलीस तर ये, खोली झाडून ठेवलीय.

खाली "तुझी आई" लिहायला गेले आणि हात अडला. ते तू येऊन म्हण, बाबांसमोर. तोवर मी नुसती

हजिरा