अल्बट्रॉस माझा, वॉयली तिची

४ ऑगस्ट
वंदनाकडे, इंदिरानगरला. शाळेतल्या मुलांना प्राण्यांच्या गोष्टी सांगायच्या कार्यक्रमाची वाटणी एकदाची झाली. समुद्रपक्षी अल्बट्रॉस माझा, सशाएवढी कांगारूची चुलतबहीण वॉयली तिची. दोघंही संपत चाललेत. त्याच्यामागे मासेमारीचे गळ, हिच्यामागे कोल्हे. पोटावरच्या पिशवीला पुस्तकी शब्द 'शिशुधानी'. मी म्हटलं, 'पोटझोळी' म्हणू. वं. म्हणाली, पोरं खिदळतील. शेवटी शिशुधानीच. शब्द माझा चांगला होता पण.

११ ऑगस्ट
सराव. अल्बट्रॉसची जोडी महिनोन् महिने वेगवेगळ्या समुद्रांवर, तरी परत त्याच बेटावर, एकमेकांकडेच. वॉयली मात्र कोल्हा मागे लागला की पिशवीतलं पिल्लू टाकून पळते. वं.ला हे मुलांना सांगायचं नाहीये. मी म्हटलं, हेच त्यांच्या लक्षात राहील.

१६ ऑगस्ट
नाशिक रोडच्या त्या शाळेच्या फलकाचा फोटो आला. 'वंदनाताईंची पोटझोळी'. नाव एकच, प्राणी एकच. पक्षी गायब, मी गायब, शब्द तेवढा माझा.
फोन केला. म्हणे, नाशिकला समुद्र कुठंय, पोरांना काय कळणार, असं शाळेचं म्हणणं पडलं. मग वॉयली काय गोदाकाठी उड्या मारते? ओठांवर आलं होतं. माझं 'नसरीन' हे नाव कुणाला खटकलं का, तेही विचारलं नाही. उत्तराची भीती. इतक्या वर्षांची मैत्रीण, आणि मला फलकावरून कळावं. फार लागलंय.

१९ ऑगस्ट
कार्यक्रम झाला. गेले नाही. भाची त्याच शाळेत. "खाला, पोटझोळीला सगळे हसले, मजा आली." पिल्लू टाकून पळते, ते सांगितलं का? नाही म्हणाली.
बरोबर आहे. कोणत्या तोंडानं सांगणार.

२२ ऑगस्ट
संध्याकाळी वं. दारात. चप्पल काढली नाही. खाली बघत म्हणाली, "तुझं नाव नको म्हणाले गं. मी घाबरले, नसरीन."
म्हणजे तेच होतं. मी चहाचं विचारलं नाही. आजवर असं झालं नव्हतं. उभ्या उभ्याच गेली.
नंतर वॉयलीचं पुन्हा वाचलं. ती पिल्लू फेकत नाही म्हणे, भीतीनं झोळीच सैल पडते. असेल. खाली पडलेल्या पिल्लाला त्याचं काय?
छत्री इथंच विसरलीय. न्यायला येईल. चहा टाकायचा की नुसती छत्री हातात द्यायची, अजून ठरत नाही.