शकूच्या नावचा दस्त

॥ श्रीभैरोबा प्रसन्न ॥

मु. खडकवाडी, ता. सातारा
ता. १२ जानेवारी १९४७

चि. अंजनास आप्पासोचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुझी व चि. शकूची खुशाली कळवत जावी.

शकू तुझ्या शाळेत बिनयत्तेत बसते आणि पाटीवर माझे नाव काढते, हे वाचून आमच्या मंडळींनी, तुझ्या आत्याबाईंनी, ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. नाव काढते की रेघोट्या ओढते, ते मी येऊन तपासणार आहे. सुभेदाराचे इन्स्पेक्शन आहे म्हणून तिला सांग. संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या टपालाने पाठवला आहे.

आता मुद्द्याचे. वडिलोपार्जित रान चि. लालासाहेब कसतो, ते थोरला म्हणून त्याच्याकडेच राहील. पण विहिरीखालचे दोन एकर मी बसऱ्याच्या लढाईहून आल्यावर पगारातून घेतले, ते माझे स्वकष्टार्जित. त्याचा शकूसाठी ट्रस्ट करावा असे मनात आहे. साताऱ्याचे विष्णुपंत वकील आम्हा पेन्शनरांची कामे करतात. नुसते मृत्युपत्र केले तर चालणार नाही का, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले की मृत्युपत्र मेल्यावर उघडते, आणि तेव्हा भांडण मिटवायला तुम्ही नसता. ट्रस्ट हयातीतच सुरू होतो. जमीन विश्वस्तांच्या नावे चढते, पण त्यांनी ती फक्त राखायची. विकायची नाही, गहाण टाकायची नाही. उत्पन्न शकूच्या शिक्षणाला व तुझ्या चरितार्थाला, आणि ती सज्ञान झाली की जमीन तिची. मी म्हटले, हे तर क्वार्टरमास्टरचे काम झाले, कोठार त्याच्या ताब्यात पण बिस्कीट त्याचे नव्हे. वकील हसले.

विश्वस्त दोन, विष्णुपंत आणि तू. मसुद्यात त्यांनी रिवाजाप्रमाणे एक कलम घातले आहे की तू पुन्हा लग्न केलेस तर तुझा हक्क संपेल व तुझ्या जागी लालासाहेब विश्वस्त होईल. तुझ्यासारखीला हे वाचून दाखवायचीही गरज नाही. सही लागणार म्हणून कळवले.

लालासाहेब दोन दिवस माझ्याकडे पाठ करून जेवतो आहे. निवळेल. फेब्रुवारीअखेर रजा काढून ये. एवढे एकदा हातून झाले की मला झोप लागेल.

शकूच्या गालाला माझा हात लाव. आहे ती माया अशीच राहू दे, इतकेच मागणे.

आप्पासो

*

सांगली
ता. ३० जानेवारी १९४७

तीर्थरूप मामंजींच्या चरणी बालक अंजनाचा सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. शकूने आळीभर वाटला आणि प्रत्येकाला सांगितले की हा माझ्या सुभेदाराने पाठवला. इन्स्पेक्शनचे ऐकून तिने पाटी धुऊन उन्हात ठेवली आहे. हरीदादाची माधवनगरच्या गिरणीतली पाळी बदलली, त्यामुळे वहिनी आणि मी दिवसभर हळू आवाजात बोलतो. आत्याबाईंच्या गुडघ्याला निरगुडीचा शेक चालू ठेवावा.

ट्रस्टबद्दल वाचले. मामंजी, माझे नाव त्यात घालू नका. हे लिहायला मला पंधरा दिवस लागले.

दादाचा एक सोबती आहे, केरबा. त्याच गिरणीत मागांवर जॉबर, म्हणजे मुकादम आहे. बायको दोन वर्षांमागे विषमज्वराने गेली, मूल नाही. दिवाळीत त्याने दादाजवळ माझ्याबद्दल विचारले. शकू आपल्या घरात वाढेल, तिच्या बापाचे नावही तसेच राहील, असे तो आपणहून म्हणाला. मी हो म्हटले नाही. पण नाहीही म्हटले नाही, आणि ते नाही म्हणायचे माझ्या मनात येत नाही, हेच मला खाते आहे.

गावाने नावे ठेवली तरी तुम्ही मला मास्तरणीच्या शिक्षणाला पाठवलेत. शकूच्या वडिलांना परदेशी न धाडता पलटणीच्या डेपोत ठेवावे म्हणून, कधी कुणापुढे हात न पसरणारे तुम्ही कर्नलसाहेबांकडे शब्द टाकलात. साहेबांनी ऐकले नाही, तो दोष तुमचा नव्हे. आणि मी तीन वर्षांत त्यांच्या जागी दुसऱ्याचा विचार करते. तुझ्यासारखीला गरज नाही, ही तुमची ओळ मी पुन्हा वाचू शकले नाही. तुमच्या घरातले काही उचलून पळत असल्यासारखे वाटते.

जमीन शकूला द्यायची तर द्या, नाहीतर भावजींना द्या. एकच भीक आहे, या कलमाच्या पाठोपाठ शकूला माझ्यापासून नेऊ नका.

रागावलात तरी पाय धरायची परवानगी असावी.

आपली अंजना

*

मु. खडकवाडी
ता. ९ फेब्रुवारी १९४७

चि. अंजनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मळ्यात नेऊन वाचले. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन ते कलम काढायला सांगितले. विष्णुपंतांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि घरच्यांचा विचार घेतलात का म्हणून विचारले. मी म्हटले, रान माझे आहे. शकू तुझी आहे, तिला कोणी नेणार नाही. तसे कोणी म्हणाले तर त्याला आधी माझ्याशी बोलावे लागेल. हे झाले तुझ्या पत्राचे उत्तर.

आता माझे. तू स्वतःला चोरासारखी समजतेस आणि मला देवाच्या जागी बसवतेस. हे मला सोसवेना, म्हणून लिहितो. बसून वाच.

मी साहेबांकडे शब्द टाकला नव्हता.

सन त्रेचाळीसच्या शिमग्यात आपल्या आकारामचे पत्र आले की तुकडी समुद्रापार निघणार, पण डेपोत ड्रिल शिकवायची एक जागा रिकामी आहे. पोरीचे तोंड बघितल्यापासून जीव गुंततो, आबा, साहेबांना एक शब्द टाका, असे त्यात होते. तूही शकूला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहून तेच म्हणालीस. मी लिहायला बसलो. वर साहेबांचे नाव घातले. मग माझ्या डोळ्यांपुढे गावातली अकरा पोरे आली. ती मीच भरती केली होती. त्यांच्या आयांना मी सांगितले होते की पलटण पोराला माणूस करते. आता स्वतःचा पोरगा मागे ठेवला तर चावडीवर तोंड कसे दाखवू, असे वाटले. खरे सांगायचे तर त्या आयांचे नुसते नाव, मला माझ्या मिशीची काळजी होती. कागद फाडला. पंधरा दिवसांनी तुला सांगितले की साहेबांचा नकार आला. आकारामलाही तेच लिहिले.

साहेबांनी माझा शब्द मोडला नसता. बसऱ्यात मी त्यांना पाठीवर घेऊन नदी उतरलो होतो. पुढच्या वर्षी इटलीतून तार आली. तू माझ्या पायाशी पडून रडलीस, आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून दिसतो.

दोन एकर रान दिले की सुटेन, असा माझा हिशोब होता. म्हणून घाई. तू हात लावणार नाहीस तर त्यात नवल नाही. पण ट्रस्ट शकूचा आहे, तो मी करणारच.

तुझ्या आत्याबाईंना यातले काही ठाऊक नाही. कुणालाच नाही.

लग्न कर. माझ्या परवानगीची तुला गरज नव्हती, तरी ती आहे.

आप्पासो

*

सांगली
ता. २६ मार्च १९४७

ती. मामंजींस सा. न. वि. वि.

सहा आठवडे उत्तर नाही म्हणून तुम्ही दादाला कार्ड घातलेत. मी आजारी नव्हते. रोज शाळेत जात होते.

मला तुमचा राग आला. अजून आहे. मुलींना पाढे सांगताना मध्येच आठवते आणि सातचा पाढा नऊवर जातो. अकरा पोरांचे तुम्ही लिहिलेत ते मला समजते. त्यातली चार परत आली नाहीत, त्यांच्या आयांपुढे तुम्हाला उभे राहायचे होते. पण मला खोटे का सांगितलेत? नाही टाकत शब्द, असे म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, आत्याबाईंना मध्ये घातले असते. कदाचित मीच साहेबांना पत्र लिहिले असते. ते करायची संधी तुम्ही मला ठेवली नाहीत.

सोबत शकूच्या वडिलांचे शेवटचे पत्र पाठवते आहे. मार्च चव्वेचाळीसचे आहे. तुम्हाला ते कधी दाखवले नव्हते, कारण पुष्कळसे माझ्यासाठी आहे. खालून चौथ्या ओळीपासून वाचा. इथेही उतरवून देते, कारण शाई पुसट झाली आहे. “आबास्नी सांग, सायबानं न्हाई म्हटलं त्ये मनाला लावून घिऊ नका. माझ्यापायी त्यांनी शब्द टाकला, त्येच मला लय झालं. हितं थंडी वाजली की मी त्येच आठवतो.”

हे तुमच्यापासून लपवावे असे बरेच दिवस वाटले. मग वाटले, या घरात पुरे झाले लपवणे. तुम्हाला शिक्षा व्हावी म्हणून पाठवत नाही. समाधान व्हावे म्हणूनही नाही. त्यांनी तुम्हाला सांगायला सांगितले होते आणि माझ्याकडून राहिले होते, म्हणून.

ट्रस्टचे असे. मी विश्वस्त होईन. उत्पन्नात माझा वाटा नको, माझा पगार मला पुरतो. सगळे शकूचे. रान लालासाहेब भावजींनीच कसावे आणि निम्मा वाटा घ्यावा, म्हणजे पुतणीचे तोंड बघताना त्यांच्या कपाळाला आठी पडणार नाही. हे दस्तातच लिहून घ्या. आणि आत्याबाईंना तुम्ही स्वतः सांगा. ते काम मी करणार नाही.

चौदा एप्रिलला सकाळच्या गाडीने येईन, सही करून संध्याकाळी परतेन. वैशाखात इथे चार माणसांत केरबांशी माझे म्होतूर लागेल. तुम्हाला बोलावत नाही. बोलावले तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, आणि ते मला नको आहे.

प्रकृतीस जपावे. हे मनापासून लिहिते.

अंजना

*

मु. खडकवाडी
ता. २७ एप्रिल १९४७

चि. अंजनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दस्ताची नोंद झालेली नक्कल विष्णुपंतांनी दिली, ती सोबत आहे. पेटीत तळाशी ठेव, वाळवीला जप.

त्या दिवशी कचेरीत आपण दोघे एका बाकावर बसलो आणि पाण्याशिवाय कशाबद्दल बोललो नाही. तू यायच्या आधी एक गोष्ट झाली ती तुला ठाऊक नाही. दस्त का करतो आहे, ते कारण मी विष्णुपंतांना खरे खरे लिहायला सांगितले. ते म्हणाले की सरकारी वहीत तसले चालत नाही, प्रेम व आपुलकी एवढेच लिहितात. म्हणून तुझ्या नकलेत दुसऱ्या पानावर तेच दिसेल. ते खोटे नाही, पण तेवढेच नाही, हे तू आणि मी जाणतो. नंतर आत बोलावून सब-रजिस्ट्रारांनी मला विचारले की हे राजीखुशीने करता ना. मला लवकर उत्तर देता आले नाही. ऐकू येत नसेल असे समजून त्यांनी मोठ्याने विचारले.

लालासाहेबाने वाट्याचे कलम दोनदा वाचून घेतले. दुसऱ्या दिवशी, मोटेचे पाणी पडते त्या विहिरीच्या थारोळ्याला गिलावा करायला लागला आणि शकूला पोहायला मीच शिकवणार म्हणाला.

तुझी गाडी गेल्यावर घरी येऊन मी तुझ्या आत्याबाईंना सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. सगळे ऐकून एवढेच विचारले की फाडायच्या आधी त्या कागदावर किती लिवलं हुतं. मी म्हटले, साहेबांचे नाव. त्यावर ती उठून गोठ्यात गेली. नऊ दिवस माझे ताट वाढून ठेवी आणि बाहेर जाऊन बसे. घरात बत्तीस वर्षांत असे झाले नव्हते.

दहाव्या दिवशी तिने आकारामचे पत्र माझ्यापुढे ठेवून वाच म्हणून सांगितले. शब्द टाकला या जागी मी थांबलो. ती म्हणाली, फुडं वाचा. मी पुढे वाचले. मग म्हणाली, सारं पयल्यापासनं वाचा. मी वाचले. त्यानंतर तिने सांगितले की ती तुझ्या लग्नाला जाणार, तुमी या न्हाईतर ऱ्हावा. पोरगी ह्या घरातनं जाणार, तर ह्ये बी तिचं म्हायारच हाय, असे तिचे म्हणणे. तुझ्यासाठी हिरवे लुगडे घेतले आहे. रंग तिनेच पसंत केला. दुकानदार तिच्याकडे आणि लुगड्याकडे आळीपाळीने बघत होता.

म्हणजे तू बोलावले नसताना आम्ही दोघे येणार. आत्याबाई मांडवात येईल. मी तिला सोडून सांगलीच्या स्टेशनवर बसेन. तुला माझे तोंड त्या दिवशी दिसू नये असे वाटत असेल तर ते रास्त आहे. शकूला हरीबरोबर थोडा वेळ पाठवलीस तर पाठव. नाही पाठवलीस तरी मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिथेच असेन.

केरबांना माझा रामराम सांग.

शेवटी लोभाची ओळ लिहायची रीत आहे. या खेपेला हात धजला नाही, जागा मोकळी सोडली आहे.

आप्पासो