हाताला आठवंना

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर

चि. शेवंतास, आक्काचा पाठीवर मायेचा हात.

मी बरी आहे. डॉक्टर म्हणाले, हाताला नवं काम लावलं की मेंदूत नव्या वाटा पडतात. म्हणून मी मागावर हिमरू विणायला शिकतेय. आडव्या धाग्याचा धोटा आता न बघता फेकते. शिकवणारे चाचा म्हणाले, "आपा, हाथ बैठ गया."

तुझे गुडघे कसे आहेत गं?

काल सून कामावर गेल्यावर भाकरी करायला बसले. पीठ मळलं, गोळा हातात घेतला, अन् पुढं काय करायचं ते हाताला आठवंचना. सुनेला सांगितलं, पीठ जुनं होतं, विरी गेलेली, भाकरी मोडत होती.

गोळा घेतल्यावर तू काय काय करतेस, ते सावकाश लिहून पाठव. पाकीट नीट चिकटव. कार्ड आलं तर सून वाचते.

तुझीच,
यमुनाआक्का