हिरव्या रंगाचा पुरावा

मी, डॉ. गेर्लिंडे आशोफ, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार माइन्झ, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. यातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: माझी कार्यशाळा मी रागाने नव्हे, पुराव्याने देत आहे. बुद्धी स्थिर आहे, पाय नाहीत. दर कलमानंतर उठून कार्यशाळेत एक फेरी होते.

कलम १. घर माझा भाऊ फोल्कमार याला. त्याने अंगणातील बिहीचे झाड तोडू नये. तोडण्याचा त्याचा बेत मला ठाऊक आहे.

कलम २. बचत नदीकाठच्या शुश्रूषागृहाला. कारण विचारू नये.

~~कलम ३. कार्यशाळा, कोरणयंत्र व साचे माझा विद्यार्थी अन्सगार थीलेन याला.~~

या कलमाचा आधार असा. केसाएवढ्या बारीक नळीत दोन द्रव शेजारी शेजारी वाहतात, पण मिसळत नाहीत. तिथे खळबळच नसते. म्हणून ते मिसळावेत यासाठी मी नळीच्या तळाला तिरप्या खाचा कोरल्या; हाच माझा मिश्रक. निळा आणि पिवळा रंग सोडला, भिंगातून हिरवा दिसला. फोल्कमारची मुलगी स्वांत्ये, स्वतः सूक्ष्म प्रवाहांच्या याच विद्येत डॉक्टरेट मिळवलेली, भर सभेत म्हणाली, "आत्या, तुझा मिश्रक मिसळतच नाही. वरून काय बघतेस? आडवा छेद घे!" अन्सगार म्हणाला, "मॅडम, हिरवं म्हणजे हिरवं!" त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही. येत्या मंगळवारी ती कायमची बाझेलला निघाली आहे.

पुरावा सोबत जोडावा म्हणून आज साक्षीदारांसमोर नळीतून दोन रंगांची राळ सोडली, गोठवली आणि आडवी कापून एक चकती काढली. शेजारी वेसेलिंग आजच सुरू झालेल्या कार्निव्हलची टोपी घालून आले होते. ती मी काढायला लावली. चकती भिंगाखाली ठेवली, पाहिली आणि भिंग वेसेलिंगांकडे सरकवले.

"बघू तरी," ते वाकले. "गेर्लिंडेबाई, हे तर दुमजली आहे. वर पिवळं, खाली निळं. हिरवं कुठं गेलं?"

हिरवे कुठेच नव्हते. खाचांनी प्रवाह मिसळले नव्हते, फक्त कुशीवर वळवले होते. निळ्यावरचा पिवळा वरून हिरवा दिसे.

मी फोन लावला. "स्वांत्ये, आडवा छेद घेतला."

तिने विचारले, "किती मजली?"

"दोन."

"जेवलीस का आत्या?"

"आधी सांग, खाचा कशा हव्यात?"

"आलटूनपालटून उलट्या. येते मी. त्या चकतीला हात लावू नकोस."

कलम ३, नव्याने. कार्यशाळा, कोरणयंत्र व साचे स्वांत्ये आशोफ हिला, ती बाझेलला जावो वा न जावो. अन्सगारला माझी सर्व भिंगे. ती वरूनच बघतात.

जुने कलम एका रेघेने खोडले आहे, वाचता येईल असे.

साक्षीदार: क्नूट वेसेलिंग, ओटिलिए ब्राख्ट
माइन्झ, ११ नोव्हेंबर २०२३

चूक माझी: छेद भाचीने मागितला, म्हणून मी तो घेतला नाही.

गेर्लिंडे आशोफ