नदीपलीकडच्या राहुटीत सहा दिवस

बाबा,

काल आपला धाकटा आला होता. त्याची नातवंडं ताडोब्याच्या बाजूला तंबूत राहून आली, आणि पावसात आपले किती हाल झाले ते मला मोबाईलवर फोटो दाखवून सांगत होती. तंबूत पलंग होता, वर पंखा होता. मी हसले तर पोरं रुसली. धाकटा म्हणाला, "बाई, आपणबी राह्यलो होतो म्हणे राहुटीत? मले तर काईच याद नाई." त्याला कशी असणार? तो तीन वर्षांचा होता आणि निम्मे दिवस तापात होता. मला मात्र सगळं आठवतं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, पण त्या दिवसांबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही, म्हणून ती मंडळी गेल्यावर वही घेऊन बसले.

तेव्हा जमीनदाऱ्या नुकत्याच सरकारजमा झाल्या होत्या आणि तिकडच्या जंगलाच्या हद्दी नव्याने मोजायच्या होत्या. तुम्ही मोजणीदार. दिवाळी झाली की मोजणीची साखळी, झेंड्या आणि नकाशांची पेटी बैलगाडीत घालून निघायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. चांद्याच्या घरी तुम्ही आम्हाला पाहुण्यासारखे वाटायचे. धाकटा तर तुम्हाला बघून आईच्या लुगड्यात तोंड लपवायचा. त्या उन्हाळ्यात आईने तुम्हाला चिठ्ठी पाठवली, की शाळेला सुट्ट्या आहेत, आम्ही येतो. तुम्ही नको म्हणून कळवलं, पण तुमचं उत्तर पोचायच्या आधीच आम्ही निघालो होतो. एटापल्लीच्या पुढे रस्ता असा नव्हताच. गाडीवान चाकोरी बघत गाडी हाकत होता आणि आई धाकट्याला मांडीवर घेऊन दर दगडाला "अगं बाई" करत होती.

भामरागडच्या अलीकडे, नदीच्या पल्याड एका उंचवट्यावर तुमची राहुटी होती. पहिले पंधरा दिवस मी अगदी मजेत होते. आई तीन दगडांच्या चुलीवर भात रांधायची, मी टेंभराची पिकली फळं वेचायची. तुम्ही सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे, आणि आल्यावरही कागदावर वाकलेले. मग तुमचे साखळी धरणारे दोघं गडी बीपेरणीसाठी गावी गेले आणि त्याच दुपारी पाऊस आला. रोजच्यासारखी एखादी सर येऊन जाईल असं वाटलं होतं. तो थांबलाच नाही. दुसऱ्या दिवशी नदी लाल होऊन दोन्ही थड्यांना लागली आणि आपण चौघं पलीकडेच अडकलो.

तुम्ही राहुटीभोवती चर खणला, खुंट्या पुन्हा ठोकल्या. पण कापड जुनं होतं. तिसऱ्या दुपारी ते जागोजाग गळायला लागलं. धाकट्याला हिवताप भरला होता. तुम्ही त्याला कोयनेलची गोळी कुस्करून मधातून दिली होती, तरी त्याचे दात वाजत होते. बाज इकडे ओढा, तिकडे ओढा, पाणी त्याच्याच अंगावर. मेणकापड एकच होतं आणि ते पेटीवर गुंडाळलेलं होतं. पेटीत तुमचे सगळ्या हंगामाचे नकाशे होते, शाईने काढलेले, घडी पडू नये म्हणून सपाट ठेवलेले.

आई म्हणाली, "पेटीवरचं काढा."

तुम्ही म्हणालात, "सरकारचं काम आहे ते. भिजलं त मले जवाब द्यावा लागते."

"आन हे कोणाचं आहे?" आईने धाकट्याकडे बोट केलं. आवाज चढवला नाही.

तुम्ही पेटीजवळ जाऊन उकिडवे बसलात. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण तुमचा हात दोरीच्या गाठीवर होता आणि ती सुटत नव्हती. मग तुम्ही विळ्याने दोरी कापली, मेणकापड बाजेवर ताणून बांधलं आणि पेटीवर स्वतःचं धोतर घातलं. आईने धाकट्याला छातीशी धरलं. तुम्ही पेटीकडे पाठ करून बसून राहिलात.

सकाळी पेटी उघडली तर सात नकाशांवरची शाई उतरली होती. हद्दी, नाले, टेकड्या, सगळं निळसर पाणी. तुम्ही एकेक कागद उचलून उजेडाकडे धरत होता. मला वाटलं, आता तुम्ही आईवर रागवाल. तेवढ्यात आपल्याच काठावरच्या पाड्यावरची एक माडिया बाई पळसाच्या पानांचं छप्पर डोक्यावर घेऊन आली. तिने आपल्यासाठी सुकी लाकडं आणली होती. आई तिच्याशी मराठीत बोलत होती, ती आईशी गोंडीत, आणि दोघींचं बरोबर जमत होतं. तिने धाकट्याच्या कपाळाला हात लावला आणि हसली. घाम आला होता. ताप उतरला होता. तुम्ही हातातला कागद खाली ठेवला, बाहेर पावसात गेलात आणि बऱ्याच वेळाने ओल्या तोंडाने आत आलात.

मग मला हाक मारलीत. "ये इकडं. वाचता येते ना तुले?" मोजणीच्या वह्या पेन्सिलीने लिहिलेल्या असतात हे मला तेव्हा कळलं. वह्या भिजल्या होत्या, पण अक्षर शाबूत होतं. पत्र्याच्या नळीत कोरे कागद होते. मी वहीतले आकडे वाचायचे आणि तुम्ही नकाशे पुन्हा काढायचे. बाहेर पाऊस, आत आईची चूल, धाकटा बाजेवर भाताची पेज पीत बसलेला. तीन दिवस आपण असे बसलो. तुमचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला असायचा. मी एकदा चौऱ्याऐंशीच्या जागी अठ्ठेचाळीस वाचलं तर तुम्ही केवढ्याने ओरडलात! "एका आकड्यानं गाव इकडचा तिकडं होते!" मी रडायला लागले. मग तुम्ही बोरू माझ्या हातात दिलात आणि एक छोटा नाला मला काढू दिलात. माझा नाला वेडावाकडा झाला. तुम्ही म्हणालात, "असू दे. नाला असाच ऱ्हायते."

पावसाच्या सहाव्या दिवशी संध्याकाळी नदी उतरली. सकाळी आपण निघालो. तुमच्या साहेबांनी कागद डागाळलेले आहेत म्हणून तुम्हाला बोल लावले, हे आईने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पण नकाशे मंजूर झाले. त्यानंतर आम्हाला तुम्ही कधी दौऱ्यावर नेलं नाही, आणि आईनेही कधी हट्ट केला नाही.

चांद्याला आल्यावर आठच दिवसांत तुम्ही मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलात. राहुटीत मी सारखी म्हणत होते ना, बाबा, हे पुसट आहे, हे दिसत नाही, पुन्हा बघते. तुम्हाला वाटलं पोरीची नजर कमजोर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. तुम्ही गोंधळून गेलात. परत येताना रस्त्यात म्हणालात, "मंग पावसातला उजेडच कमी असंन." मी मान डोलावली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. धाकट्यालाही दाखवणार नाही. पण तुम्हाला सांगायला हवं. बाबा, पुसट काही नव्हतं. मला सगळे आकडे स्वच्छ दिसत होते. वही संपली की तुम्ही उठून जाल, एवढंच मला कळत होतं.